रिकाम्या चौकोनाचा इतिहास

मिनियापोलिस शहराच्या नैर्ऋत्येस, मिनेसोटा नदीच्या उत्तर तीरावरील उंच दरडींपासून आतल्या सरोवरांच्या प्रदेशापर्यंत पसरलेल्या ईडन प्रेरी या गावाचे नाव एका लेखिकेच्या उद्गारातून जन्मास आले. अमेरिकन राज्यक्रांतीच्या काळातील स्त्रियांची चरित्रे लिहून कीर्ती संपादन केलेल्या एलिझाबेथ एलेट या विदुषी १८५२ साली या बाजूस आल्या, येथील माळाचे सौंदर्य पाहून त्यांना बायबलातील आद्य उद्यानाची आठवण झाली, आणि त्यांनी उच्चारलेले नाव त्या भूमीस कायमचे चिकटले. त्याच्या आदल्याच वर्षी ट्रॅव्हर्स द सू आणि मेंडोटा येथे झालेल्या दोन तहांनी डकोटा लोकांच्या हातून ही भूमी अमेरिकन सरकारच्या ताब्यात गेली होती. आणि पुढे ११ मे १८५८ रोजी, म्हणजे ज्या दिवशी मिनेसोटा हे राज्य अमेरिकेच्या संघात दाखल झाले त्याच दिवशी, ईडन प्रेरीची ग्रामव्यवस्था स्थापन झाली. गावाला शहराचा दर्जा मिळाला तो १९७४ साली. २०२० च्या जनगणनेप्रमाणे त्याची लोकसंख्या ६४,१९८ होती आणि तीत नोकरी-व्यवसायानिमित्त येऊन स्थिरावलेली मराठी कुटुंबेही आहेत.

या गावाच्या नावाच्या इंग्रजी लेखनात अकरा अक्षरे आहेत आणि त्यांपैकी सहा स्वराक्षरे; परंतु त्या सहांपैकी प्रत्येकाला स्वतंत्र ध्वनी नाही. ‘प्रेरी’ हा जो शब्द आपण दोन अक्षरांत लिहून मोकळे होतो, त्याला इंग्रजीत सात अक्षरांची जागा लागते. लेखन आणि उच्चार यांच्यातील हा विसंवाद इंग्रजीच्या अंगी शतकानुशतके मुरलेला आहे, आणि शब्दाची अक्षरे मोजून, अमुक अक्षर असलेला तमुक अक्षरांचा शब्द शोधण्याचा जो छंद आज जगभर पसरला आहे, त्याचे मूळ या विसंवादातच आहे असे मला वाटते. ईडन प्रेरीतील मराठी घरांत रात्रीची जेवणे आटोपल्यावर आई, मुलगी आणि सहा महिन्यांसाठी पुण्याहून आलेले आजोबा पाच अक्षरांच्या एका शब्दासाठी डोके एकत्र घालून बसतात, तेव्हा त्या तिघांपैकी आजोबांच्या पिढीलाच हे स्मरण असते की, असाच एक रिकामा चौकोन एके काळी मुंबई इलाख्यात कायदेमंडळापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गाजला होता. त्या चौकोनाचा इतिहास मराठीत सलगपणे सांगितला गेलेला माझ्या वाचनात नाही; तो सांगणे अगत्याचे आहे.

प्रथम ईडन प्रेरीच्या शेजारच्याच एका प्रयोगाची दखल घेतली पाहिजे. सॅम्युएल आणि गिडियन पाँड हे दोघे बंधू १८३४ साली या प्रदेशात आले, आजच्या मिनियापोलिसमधील बिडे माका स्का सरोवराच्या काठी डकोटांच्या वस्तीजवळ राहिले, आणि त्यांनी डकोटा भाषेसाठी एक वर्णमाला तयार केली. या वर्णमालेचे तत्त्व असे होते की, एका ध्वनीस एकच अक्षर असावे आणि एका अक्षरास एकच ध्वनी. इंग्रजीत जी अक्षरे अनावश्यक वाटली ती त्यांनी डकोटा भाषेतील विशेष ध्वनींसाठी योजिली. परिणाम असा झाला की, बुद्धिमान डकोटा माणूस थोड्याच अवधीत स्वतःची भाषा वाचू लागे. पुढे गिडियन ईडन प्रेरीच्या पूर्वेस ब्लूमिंग्टन येथे आणि सॅम्युएल नदीपलीकडे शाकोपी येथे स्थायिक झाला. आणि त्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या परिश्रमांतून पंधरा हजारांहून अधिक शब्दांचा डकोटा कोश स्टीव्हन रिग्ज यांच्या संपादनाखाली १८५२ साली, एलेटबाईंच्या प्रवासाच्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. ज्या लिपीत ध्वनी आणि अक्षर यांचा संसार असा सुखाचा असतो, तिथे शब्दाची अक्षरे अचूक सांगणे हा स्पर्धेचा विषय होऊच शकत नाही. १८६२ च्या युद्धानंतर डकोटांना या राज्यातून हुसकावून लावण्यात आले; त्या सुबोध वर्णमालेच्या जागी इंग्रजीचे वळणावळणाचे लेखन येथे कायमचे आले, आणि त्याचबरोबर त्या लेखनावर पोसलेले खेळही आले.

इंग्रजीत अक्षरे मोजण्याचे काम प्रथम व्यवहारासाठी झाले. सॅम्युएल मोर्स यांचे सहकारी आल्फ्रेड व्हेल यांनी १८३८ च्या सुमारास तारेच्या लिपीची रचना करताना, कोणते अक्षर किती वेळा येते हे जाणण्यासाठी न्यू जर्सीतील मॉरिसटाउनच्या छापखान्यात जाऊन खिळ्यांचे घर पाहिले. छापखानेवाला ज्या अक्षराचे खिळे अधिक बाळगतो ते अक्षर भाषेत अधिक वापरले जाते, हा त्यांचा सरळ आणि बिनचूक हिशोब होता. ई या अक्षराचे खिळे सर्वांत जास्त आढळले, म्हणून त्याला एक टिंब मिळाले. टी त्याच्या खालोखाल, म्हणून त्याला एक रेघ. अक्षरांची ही जी प्रतवारी तेव्हा लागली तीच, थोड्याफार फरकाने, आजच्या प्रत्येक शब्दखेळाच्या मुळाशी आहे. खेळ म्हणून मोजक्या अक्षरांच्या शब्दांना प्रतिष्ठा दिली ती ऑक्सफर्डचे गणिती व बालसाहित्यकार लुइस कॅरल यांनी. एका शब्दातील एकेक अक्षर बदलत, दर पायरीला खरा शब्दच सिद्ध करीत, तितक्याच अक्षरांच्या दुसऱ्या शब्दापर्यंत पोहोचण्याचा त्यांचा खेळ १८७९ मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’ या लंडनच्या साप्ताहिकात सुरू झाला.

मुंबईच्या पेढ्यांना मात्र अक्षरमोजणीची ओळख खेळातून झाली नाही, ती तारेच्या खर्चातून झाली. १८७० साली सुएझ-एडनमार्गे समुद्रातून टाकलेली तार मुंबईस पोहोचली आणि कापसाचे भाव लिव्हरपूलहून काही तासांत कळू लागले. परंतु दर शब्दास पडणारा आकार इतका जबर होता की, एका शब्दात संपूर्ण वाक्याचा अर्थ भरणारे संकेतकोश व्यापाऱ्यांना बाळगावे लागले. शब्द म्हणजे काय, किती अक्षरांपर्यंतचा समूह एक शब्द म्हणून आकारावा, यावर आंतरराष्ट्रीय तार परिषदांत वर्षानुवर्षे खल झाला, आणि १९०३ च्या लंडन परिषदेत उच्चारता येईल असा दहा अक्षरांपर्यंतचा कोणताही समूह एक शब्द मानण्याचे ठरले. या नियमातील फट व्यापाऱ्यांनी ताबडतोब हेरली. १९०६ साली बेंटली यांचा जो कोश निघाला त्यात प्रत्येक संकेत पाच अक्षरांचा होता. दोन संकेत जोडले की दहा अक्षरे होत आणि आकार एकाच शब्दाचा पडे. अशा चांगल्या कोशांत कोणत्याही दोन संकेतांमध्ये निदान दोन अक्षरांचा फरक राखलेला असे, म्हणजे तारमास्तराच्या हातून एक अक्षर चुकले तर वाचणाऱ्यास चूक कळावी आणि भलत्याच भावाचा सौदा होऊ नये. पाच अक्षरांच्या चौकटीत इतकी सावधगिरी आणि इतकी काटकसर एकवटलेली पाहिली म्हणजे त्या अनामिक कोशकारांविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. पेढीवर काम करणाऱ्या कारकुनाला रुपयाची किंमत अक्षरांत मोजण्याची सवय लागली ती अशी.

अक्षरावर पैसे लावण्याची सवय याच सुमारास दुसऱ्या एका वाटेने आली. सी. आर्थर पिअर्सन यांनी लंडनमध्ये चालविलेल्या ‘पिअर्सन्स वीकली’ या पत्राने ‘गाळलेल्या शब्दा’ची स्पर्धा काढली: वाक्याचा शेवटचा शब्द गाळून छापायचा, वाचकाने तो ओळखून एका शिलिंगासह धाडायचा, आणि जमलेली सर्व रक्कम अचूक उत्तरे देणाऱ्यांत वाटून टाकायची. १८९२ च्या डिसेंबरातील एकाच स्पर्धेस ४,७२,५७४ प्रवेशपत्रे आली. गाळलेला शब्द असा असे की, व्याकरण आणि अर्थ यांस बाधा न आणता त्या जागी दहा शब्द शोभावेत. त्यांतला कोणता लिफाफ्यात बंद आहे हे विद्वत्तेने कळण्यासारखे नव्हते. १८९३ मध्ये न्यायालयाने ही स्पर्धा म्हणजे बेकायदा सोडत असल्याचा निर्णय दिला आणि ती बंद पडली. परंतु मुखवटा ज्ञानाचा आणि व्यवहार नशिबाचा, ही युक्ती त्यामुळे मेली नाही. तिला नवे शरीर हवे होते, आणि ते वीस वर्षांनी मिळाले.

२१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत लिव्हरपूलला जन्मलेल्या आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे प्रसिद्ध झाले. त्याची आकृती शंकरपाळ्यासारखी होती. १९२४ साली सायमन आणि शुस्टर या नवख्या प्रकाशकांनी शब्दकोड्यांचे पहिले पुस्तक सोबत पेन्सिल जोडून विकले आणि अमेरिका वेडी झाली. आगगाड्यांतून शब्दकोश ठेवले गेले, धर्मगुरूंनी प्रवचनांत कोडी आणली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या छंदाचा कालापव्यय म्हणून धिक्कार केला, आणि त्याच पत्राने १९४२ च्या फेब्रुवारीत मार्गारेट फरार यांच्या संपादनाखाली स्वतःचे कोडे सुरू केले. या इतिहासात फार रेंगाळण्याचे कारण नाही, तो पुष्कळांनी लिहिला आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, अमेरिकेत जे निव्वळ करमणूक म्हणून रुजले ते इंग्लंडात पिअर्सनच्या युक्तीशी जोडले गेले, आणि मुंबईस पोहोचले ते या जोडस्वरूपात, म्हणजे बक्षिसाचे शब्दकोडे म्हणून.

त्याचे तंत्र नीट समजावे म्हणून आपणच एक लहानसे कोडे रचून पाहू. पाच चौकोन आहेत. पहिल्यात जी, दुसऱ्यात आर, तिसऱ्यात ए आणि पाचव्यात ई ही अक्षरे छापलेली असून चौथा चौकोन रिकामा आहे. त्यात सी घातला तर ‘ग्रेस’ होतो, डी घातला तर ‘ग्रेड’, पी घातला तर ‘ग्रेप’, टी घातला तर ‘ग्रेट’ म्हणजे शेगडीची जाळी, व्ही घातला तर ‘ग्रेव्ह’, आणि झेड घातला तर ‘ग्रेझ’. आता सूचना अशी की, ‘शूर सैनिकाला हे अखेरीस लाभते’. द्राक्ष, जाळी आणि चरणे हे तीन शब्द इंग्रजी जाणणारा मनुष्य तत्काळ बाद करील. एवढे काम विद्येचे. परंतु दर्जा, कृपा आणि थडगे यांतले शूर सैनिकाला अखेरीस काय लाभते, हे कोणती विद्या सांगणार? आयोजकांच्या तिजोरीत जे उत्तर मोहोरबंद करून ठेवलेले असेल तेच खरे. असे दहा चौकोन एका कोड्यात असले आणि प्रत्येकात दोनच अक्षरे संभवत असली, तरी सर्व शक्यता मिळून १,०२४ उत्तरे होतात. तीन-तीन संभवत असल्यास ती ५९,०४९ होतात. प्रत्येक उत्तराला वेगळी फी. म्हणून जो निश्चयी स्पर्धक असे तो एक कूपन भरून थांबत नसे, तो आपल्या पगाराला झेपतील तितकी, आणि पुष्कळदा न झेपतील इतकी, कूपने भरीत असे.

या स्पर्धांचे आकर्षण कोणाला होते हे लक्षात घेतले पाहिजे. घोड्यांच्या शर्यतीस जाणे ज्याला लाजिरवाणे वाटे, आकड्याचा जुगार जो नीच समजे, असा मॅट्रिक झालेला, कचेरीत इंग्रजी मसुदे करणारा, मुलांना पाढे आणि आर्या म्हणावयास लावणारा गृहस्थ शब्दकोड्याकडे मात्र उजळ माथ्याने वळू शके, कारण त्याच्या टेबलावर शब्दकोश उघडा असे. त्याच्या इंग्रजी शिक्षणाचे जे काही चीज झाले नव्हते ते एका अक्षराने होईल अशी आशा त्या रिकाम्या चौकोनाने त्याला दाखविली. ही आशा अभद्र नव्हती; ती ज्यांनी विकली त्यांचे मात्र समर्थन करता येत नाही. ज्ञानाची फसवणूक द्रव्याच्या फसवणुकीहून अधिक खोल जाते, कारण हरलेला मनुष्य दैवाला दोष न देता स्वतःच्या इंग्रजीला दोष देतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा कूपन भरतो.

मुंबई सरकारने १९३९ सालीच अशा स्पर्धांवर कर बसविणारा कायदा केला होता. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये त्याच्या जागी सोडती व बक्षीस-स्पर्धा यांचे नियंत्रण व कर यासंबंधीचा अधिक व्यापक कायदा आला, आणि त्याच्या व्याख्येत शब्दकोडे, गाळलेले शब्द, चित्रे आणि आकडे अशा सर्व प्रकारांची नावे घालण्यात आली. पिअर्सनच्या गाळलेल्या शब्दाची दखल अशा रीतीने मुंबईच्या कायद्यात घेतली गेली. मात्र या व्याख्येतून एक गोष्ट वगळली होती: मुंबई प्रांताबाहेर छापल्या व प्रसिद्ध केल्या जाणाऱ्या वृत्तपत्रातील स्पर्धा. आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ओळखली जाणारी ‘आर. एम. डी. सी. क्रॉसवर्ड्स’ ही स्पर्धा म्हैसूर संस्थानात नोंदलेल्या कंपनीमार्फत, बंगळूरला छापल्या जाणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातून चाले. पत्राचा मोठा खप मात्र मुंबई राज्यात होता आणि प्रवेशपत्रे व फी गोळा करण्याची ठाणीही येथे होती. १९५२ साली कायद्यात दुरुस्ती करून ती पळवाट बुजविण्यात आली, परवाना आणि कर दोन्ही बंधनकारक झाले, आणि कंपनीने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. आपला उद्योग हा व्यापार आहे, आणि राज्यघटनेने व्यापाराला दिलेले स्वातंत्र्य त्यालाही आहे, असा कंपनीचा दावा होता. उच्च न्यायालयाचा निकाल कंपनीच्या बाजूने लागला. सरकार अपिलात गेले.

९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील मान्य केले. सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी लिहिलेले ते निकालपत्र केवळ कायद्याच्या अभ्यासकांसाठी नाही, सुबुद्ध वाचकानेही ते वाचावे असे आहे. दास हे शांतिनिकेतनचे विद्यार्थी आणि पुढे विश्वभारतीचे उपकुलपती, आणि त्यांच्या लेखणीत तो संस्कार दिसतो: ऋग्वेदातील द्यूतसूक्तापासून महाभारत आणि मनुस्मृतीपर्यंत जुगाराचा निषेध कसा होत आला याचा मागोवा घेऊन ते इंग्लंड, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाच्या निवाड्यांकडे वळतात. इंग्रज न्यायालयाने १९३६ मध्ये अशाच एका कोड्याविषयी म्हटले होते की, स्पर्धक दडविलेल्या लक्ष्यावर आंधळे नेम मारीत असतात; तोही आधार येथे घेतलेला आहे. सूचना अनेकार्थी, उत्तर आधीच ठरलेले, आणि निवड आयोजकांच्या मर्जीची, तेव्हा तेथे कौशल्याला खरा वाव नाही. आणि जुगार हा व्यापारच नव्हे, म्हणून व्यापाराच्या स्वातंत्र्याचे कवच त्याला नाही, असा निर्णय झाला. दरम्यान संसदेने १९५५ चा बक्षीस-स्पर्धा कायदा केला होता, त्याने महिन्याच्या एकूण बक्षिसांवर एक हजार रुपयांची आणि प्रवेशपत्रांवर दोन हजारांची मर्यादा घातली. त्याविरुद्धचा चमारबागवाला यांचा अर्जही त्याच दिवशी फेटाळण्यात आला, मात्र तसे करताना न्यायालयाने स्पष्ट केले की, जी स्पर्धा मुख्यतः कौशल्यावर चालते ती या कायद्याच्या कक्षेत येतच नाही. एका रिकाम्या चौकोनाच्या निमित्ताने कौशल्य आणि दैव यांच्यामध्ये जी रेषा ओढली गेली, तिच्या आधाराने पुढे अर्धशतकाहून अधिक काळ पत्त्यांपासून मोबाइलवरील खेळांपर्यंतचे तंटे तोडले गेले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या सर्व ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत की दैवाचे, बंदी घातली. त्या क्षेत्रापुरती ती रेषा आता उरलेली नाही.

येथे थोडे विषयांतर करणे भाग आहे, कारण अक्षरांचे बंधन घालून रचना करणे हे आपल्याला इंग्रजांनी शिकविले अशी समजूत होऊ नये. भारवीने ‘किरातार्जुनीया’च्या पंधराव्या सर्गात जवळजवळ एकाच व्यंजनावर उभा राहणारा श्लोक रचला. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तील मंत्रगुप्ताचे ओठ प्रियेच्या दंतक्षतांनी दुखावलेले असल्यामुळे तो आपली सगळी हकिगत एकही ओष्ठ्य वर्ण न उच्चारता सांगतो. आणि पन्हाळ्यास जन्मून बारामतीस काव्यसंसार थाटलेल्या मोरोपंतांनी, एकशे आठ रामायणे ज्यांच्या नावावर सांगितली जातात त्या पंतांनी, ‘निरोष्ठ रामायण’ लिहिले. यातली अवघड गोष्ट क्षणभर थांबून पाहावी: म हा वर्ण ओष्ठ्य आहे, म्हणजे ज्या काव्याचा नायक राम, त्या काव्यात ‘राम’ हा शब्दच येऊ शकत नाही! दाशरथी चालेल, सीतानाथ चालेल. एका अक्षराने दार बंद केले म्हणजे भाषेची दुसरी किती दारे उघडतात, हे या खटाटोपातून दिसते. काही समीक्षकांनी पंतांच्या अशा रचनांना शब्दांची कसरत म्हणून हिणविले आहे. मला तो अन्याय वाटतो. ज्या भाषेत लेखन आणि उच्चार एकरूप आहेत, तिथे अक्षराचा खेळ जिभेचा आणि कानाचा असतो. पंत अक्षरे डोळ्यांनी मोजत नव्हते, ते ओठ न मिटता रामकथा म्हणून दाखवीत होते. मराठी वृत्तपत्रांतील शब्दकोड्यांतही हाच स्वभाव टिकला आहे: ‘ज्ञानेश्वरी’ला चार चौकोन पुरतात, आणि ‘स्त्री’ एकाच चौकोनात सामावते.

मिनेसोटाकडे परतावयाचे तर, दैवावर पैसे लावण्याविषयी या राज्याचे धोरण आरंभी मुंबई सरकारहून कडक होते. १८५७ च्या राज्यघटनेने येथे सोडतीस बंदी केली आणि ती बंदी उठावयास १९८८ चे सार्वमत लागले. शब्दखेळ मात्र येथे पैशांवाचून वाढला. लांब हिवाळा, उत्तम ग्रंथालये आणि जुनी वाचनशील वस्ती यांचा त्यात वाटा असावा. न्यूयॉर्क राज्यातील बेकार वास्तुशिल्पी आल्फ्रेड बट्स यांनी मंदीच्या काळात वृत्तपत्रांची पाने मोजून शंभर सोंगट्यांचा जो खेळ रचला, आणि १९४८ मध्ये जेम्स ब्रुनो यांनी ज्याला ‘स्क्रॅबल’ हे नाव दिले, त्याचा २००६ सालचा राष्ट्रीय विजेता जिम क्रेमर हा मिनेसोटातील रोझव्हिलचा, व्यवसायाने मुद्रितशोधक. बट्स यांनी ई ला बारा सोंगट्या दिल्या आणि क्यू व झेड यांना एकेक. छापखान्यातील व्हेल यांचा हिशोब शंभर वर्षांनी दिवाणखान्यातल्या पटावर आला. या खेळाच्या अधिकृत कोशात चार अक्षरांचा ‘रयत’ आहे, पाच अक्षरांचा ‘दिवाण’ आहे, ‘लाख’, ‘कोटी’चा हिंदी भाऊ ‘क्रोर’, ‘तोळा’ आणि ‘रोटी’ही आहेत, पेशवाईच्या दप्तरातले आणि कंपनी सरकारच्या महसूलखात्यातले शब्द मिसिसिपीच्या खोऱ्यातल्या पटावर गुण मिळवून देतात. ईडन प्रेरीतील एखाद्या मराठी मुलीने वाय आणि ओ हाती असताना आर-वाय-ओ-टी मांडली, तर ती खेळात वरचढ ठरतेच, शिवाय आजोबांना त्या शब्दाचा सारा इतिहास सांगण्यास निमित्त मिळते.

पाच अक्षरांचा जो शब्द आज रात्री या घरांत शोधला जातो तो ‘वर्डल’ नावाच्या खेळातला. जॉश वॉर्डल या अभियंत्याने तो आपल्या सहचारिणीसाठी, पलक शाह यांच्यासाठी रचला आणि २०२१ च्या ऑक्टोबरात सर्वांना खुला केला. २०२२ च्या जानेवारीअखेरीस ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो विकत घेतला. इंग्रजीत पाच अक्षरांचे शब्द सुमारे बारा हजार भरतात. त्यांतले पुष्कळसे कोणाच्याही तोंडात नसलेले. पलक शाह यांनी ती सगळी यादी वाचली, आणि आपल्याला ज्ञात असलेले सुमारे अडीच हजार शब्द तेवढे निवडले. उत्तर येथेही आधीच ठरलेले आणि दडविलेले असते, हे खरे. परंतु ते एका वाचणाऱ्या व्यक्तीला ठाऊक असलेल्या शब्दांतून निवडलेले असते, आणि प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ प्रामाणिकपणे सांगतो की, हे अक्षर आहे, हे आहे पण दुसऱ्या जागी, हे नाही.

या प्रामाणिकपणाने काय फरक पडतो ते आपल्याच कोड्यावर तपासता येईल. जी, आर, ए, रिकामे, ई. आणि सहा उमेदवार: सी, डी, पी, टी, व्ही, झेड. मुंबईचा स्पर्धक येथे सहा कूपने भरीत असे, किंवा तीन भरून देव्हाऱ्यापुढे हात जोडीत असे. ईडन प्रेरीतली मुलगी सहा शब्द एकामागून एक घालीत बसत नाही, कारण तिला एकंदर प्रयत्नच सहा आहेत आणि त्यांतले काही खर्ची पडलेले असतात. ती असा एक शब्द शोधते की, जो उत्तर असणे मुळीच शक्य नाही, पण ज्यात उमेदवारांपैकी जास्तीत जास्त अक्षरे एकत्र आली आहेत: सी, ओ, व्ही, ई, टी, म्हणजे ‘कव्हेट’, लोभ धरणे. एका प्रयत्नात सी, व्ही आणि टी या तिघांची परीक्षा होते. त्यांपैकी एक अक्षर उजळले तर शब्द हाती आला; तिन्ही काळवंडली तर डी, पी आणि झेड उरतात, आणि डी व पी दोन्ही असलेला कोणताही पाच अक्षरांचा शब्द घातला की त्यांचाही निवाडा होतो. दोन प्रश्नांत सहा शक्यता निकालात निघतात; आणि ‘कव्हेट’ कुठे आठवला असे आजोबांनी विचारले तर तिला ती सातवीत वाचलेल्या दहा आज्ञांचा धडा दाखवता येतो.